अण्णांचा फुस्स बार आणि नांदेडची वादविवाद स्पर्धा

थांबा थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. संध्याकाळपर्यंत पोटात ठेवलं तर मला जेवण जाणार नाही.

सकाळपासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर भांडण चालू आहे. विषय काय, तर बंदुका. एकानं विचारलं की अमेरिकेत एवढे गोळीबार होतात तर बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात का खेचत नाहीत. लगेच दुसऱ्यानं टाकलं, "मग चाकू बनवणाऱ्याला पण फाशी द्या." मी मेसमध्ये जेवत होते. हा चाकू वाचला आणि एकटीच इतकी हसले की वाढणाऱ्या मावशी डाव तसाच धरून बघत राहिल्या. त्यांना काय सांगू, हा चाकू माझ्या ओळखीचा आहे. एका दिवसात इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन.

तर गोष्ट बारावीची. मी तेव्हा लातूरला होते. आमच्याकडं हदगावच्या बाजूला पोरगी दहावीला बऱ्यापैकी मार्कानं पास झाली की घरात दुसरी चर्चाच नसते, गादी गुंडाळायची, पेटी भरायची आणि लातूरची गाडी धरायची. लातूरच्या त्या ट्युशनच्या भागात गल्लीगणिक क्लास, क्लासगणिक हॉस्टेल आणि हॉस्टेलगणिक झेरॉक्सचं दुकान. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकीतून समोरच्या हॉस्टेलची खिडकी दिसायची आणि तिथं पण एक पोरगी हेच फिजिक्स वाचत बसलेली असायची.

माझी रूममेट निलंग्याकडची, भूकंपात गेलेल्या एका गावची. म्हणजे गाव आहे, पण जुन्या जागेवर नाही, सरकारनं नवीन वसवून दिलेलं. ती भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली, पण "जुनं गाव" आणि "नवीन गाव" असं इतक्या सहज बोलायची की मला सुरुवातीला वाटलं हिची दोन-दोन घरं आहेत, चांगली श्रीमंत दिसते. नंतर कळल्यावर माझी मलाच लाज वाटली. ती मात्र हसली. म्हणाली, "हाव ना, एक घर जमिनीवर आणि एक जमिनीत."

आम्हा दोघींना दर रविवारच्या टेस्टचा लई वैताग आला होता. अशात कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागली की नांदेडला वादविवाद स्पर्धा आहे, शनिवार-रविवार. रविवार! टेस्ट बुडणार आणि वरून सर्टिफिकेट मिळणार. आम्ही दोघींनी पूर्ण नोटीस न वाचताच नाव देऊन टाकलं. विषय वर्गात गेल्यावर कळला: "बंदुकीमुळे होणाऱ्या इजेस बंदूक बनवणारी कंपनी कायद्याने जबाबदार असावी." एका टीममध्ये दोघं, एक बाजूनं बोलणार, एक विरोधात. मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. रूममेटला आली बाजू. मला विरोध.

म्हणजे मला काय म्हणायचं होतं? की कंपनीचा काही दोष नसतो. दोष असतो चालवणाऱ्याचा.

आता इथं तुम्हाला आमच्या घरातली भानगड सांगावी लागेल, त्याशिवाय माझा चेहरा का पडला हे कळणार नाही.

आमच्या घरात बंदूक होती. दचकू नका, परवान्याची. आजोबांच्या नावावरून अण्णांच्या नावावर आलेली, एका नळीची. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या शिवारात रानडुकरं लई. एका रात्रीत अर्धं रान असं उलथून टाकतात की सकाळी बघावं तर कुणीतरी नांगरून गेलंय असं वाटावं. अण्णा रानात जायचे आणि आभाळाकडं नळी करून एक बार काढायचे. डुकरं पळायची, अण्णा घरी येऊन झोपायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची. दसऱ्याला पाटावर विळे, कोयते, फवारणीचा पंप आणि माझी पुस्तकं यांच्या शेजारी तिलाही झेंडूचा हार. आमच्यासाठी ती बंदूक म्हणजे घरातली, जिची खोड काढू नये अशी एक आत्या होती.

मी अकरावीला होते त्या वर्षी पाऊस लांबला. दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरचा काडतुसांचा खोका काढला तर तो ओलसर लागला. मायनं काय करावं? अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याच्याच एका कडेला काडतुसंही मांडली. लाल-लाल, ओळीनं, झकास ऊन लागेल अशी. मला म्हणाली, "कोंबड्या हाकल गं बाई." मी सुट्टीला आलेली, बसले हाकलत. आमच्याकडं कुठलीही गोष्ट ओली झाली तर एकच इलाज असतो, ऊन. गादी असो, मिरची असो, कागदपत्रं असोत. काडतूस काय वेगळं आहे, असं आम्हा कुणालाच वाटलं नाही. दुपारी अण्णा आले, बघितलं, एक काडतूस कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले वाळले.

मग थंडी आली, हरभरा आला, धुकं आलं. एका पहाटे अण्णा बंदूक घेऊन रानात गेले. पहिला बार काढला तर आवाज आला फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. अण्णांना वाटलं काडतूस वाया गेलं. दुसरं घातलं, परत चाप ओढला. पहिल्याचे छर्रे नळीतच अडकून बसले होते हे त्यांना कुठून कळणार? नळी मधूनच फाटली. डाव्या अंगठ्याला टाके पडले, डाव्या कानात शिट्टी बसली ती आजतागायत, आणि अण्णा हरभऱ्यात उताणे.

त्यांना उचललं कुणी, तर बांधापलीकडच्या आबांनी. आबा आमचे शेतशेजारी. ते पहाटेची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला आले होते. त्यांनीच अण्णांना गाडीवर टाकून हदगावला दवाखान्यात नेलं. इतकं सगळं चांगलं केलं आणि मग त्या चांगुलपणावर पाणी ओतलं. अख्ख्या गावात सांगितलं. आवाजासकट. त्यानंतर अण्णा बसस्टँडवर दिसले की कुणीतरी विचारायचंच, "काय अण्णा, आज बार हाय का फुस्स?" आणि सगळ्यात जास्त विचारायचे आबाच. सकाळी बांधावरून फुस्स, संध्याकाळी ओट्यावरून फुस्स. मला आबांचा इतका राग यायचा की मी सुट्टीत घरी गेले की त्यांच्या पाया पडायचं पण टाळायचे.

अण्णा मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझीच चुकी हाय." बस. तेवढंच. फाटलेली बंदूक त्यांनी नांदेडला ज्यांच्याकडून काडतुसं घ्यायचे त्या दुकानवाल्या चाचांकडं ठेवून दिली आणि रानात जाणं बंद केलं.

तर आता बघा माझी अडचण. मला स्टेजवर उभं राहून, हात वर करून, ठासून सांगायचं होतं की दोष चालवणाऱ्याचा. आणि आमच्या घरातला चालवणारा कोण, तर अण्णा.

मी ठरवलं, बंदूक म्हणून घरातली डोळ्यासमोर आणायचीच नाही. अमेरिका, इंग्लंड, जिथं जायचं तिथं जायचं, पण हदगावला यायचं नाही. भाषण पण स्वतः लिहायला लागलं नाही. कारण लातुरात झेरॉक्सवाल्याकडं काय मिळत नाही? केमिस्ट्रीच्या नोट्स मिळतात, बायोच्या आकृत्या मिळतात, आणि विचारलं तर म्हणाला, "वादविवादाचं हाय की. बाजू पाहिजे का विरोध?" स्पायरल बाइंडिंग, मुद्देसूद, प्रत्येक मुद्द्याला चौकट. विरोधाच्या पहिल्याच पानावर मुद्दा क्रमांक एक: चाकू बनवणारा खुनाला जबाबदार नसतो. मुद्दा दोन: गाडी बनवणारा अपघाताला जबाबदार नसतो. मुद्दा तीन: अमेरिकेत तसा कायदाच आहे, बंदुकीनं कुणी गुन्हा केला तर सहसा कंपनीवर दावा टाकता येत नाही. आम्ही ते पाठ करून टाकलं, जसं आम्ही सगळंच पाठ करतो. रूममेट तर मला मुद्द्याचा नंबर सांगायची आणि मी चौकटीसकट म्हणून दाखवायचे.

निघायच्या आदल्या दिवशी घरून फोन आला. माय म्हणाली, अण्णा उद्या नांदेडला येऊन राहिलेत. कलेक्टर ऑफिसात परवाना परत करायचाय, कायमचा. त्यांना मी सांगितलंय तुझी स्पर्धा रविवारी आहे, तर मुक्काम करून, ऐकून, सोमवारी कागद देऊन मग येतील.

मी फोन ठेवला आणि गादीवर बसले. आजोबांपासूनचा परवाना. एका फुस्ससाठी, आबांच्या एका चेष्टेसाठी माझा बाप तो परत द्यायला निघाला होता. आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याची पोरगी माइकवरून सांगणार होती की हो, चूक चालवणाऱ्याचीच असते.

रूममेटला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बये, पोट दुखायलंय म्हण आणि राहा इथंच."

"टेस्ट द्यावी लागेल."

"मग चल," ती म्हणाली.

शनिवारी अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो, त्या दिवशी नुसती नावनोंदणी होती. रविवारी सकाळी हॉलमध्ये गेलो तर अण्णा आधीच येऊन बसलेले. तिसरी रांग, कडेची खुर्ची, उजवा कान स्टेजकडं करून. धुवट पांढरा शर्ट. मला बघितल्यावर हात वर केला, तो टाके पडलेल्या अंगठ्याचाच. मी कोणत्या बाजूनं बोलणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

स्पर्धा सुरू झाली. पहिला पोरगा विरोधात बोलायला उभा राहिला, मोठा आवाज काढून म्हणाला, "चाकू बनवणारा खुनाला जबाबदार असतो का?" टाळ्या. आमच्या स्पायरलचा मुद्दा क्रमांक एक, शब्दाला शब्द. मी रूममेटकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दुसरा विरोधक उभा राहिला. चाकू. तिसरी मुलगी. चाकू. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत, मधल्या त्याच श्वासासकट. नांदेड, परभणी, उदगीर, सगळ्यांची पोरं लातूरच्या त्याच भागातून झेरॉक्स घेऊन आली होती. बाजूनं बोलणाऱ्यांचं पण तेच, त्यांच्या स्पायरलमध्ये सिगारेटची कंपनी होती, ती प्रत्येक जण ओढून गेला. पाचवा विरोधक माइकपाशी येऊन नुसता उभा राहिला तर मागच्या रांगेतली पोरं एका सुरात ओरडली, "चाकू!" तो बिचारा म्हणाला, "हो." हॉल कोसळला हसून. परीक्षक म्हणून एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या, पांढरे केस, जाड चष्मा, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

अण्णा पण हसत होते. लई दिवसांनी असे हसताना बघितले मी त्यांना.

मग रूममेटचं नाव आलं. ती हातातलं स्पायरल माझ्या मांडीवर ठेवून गेली. मला कळेना ही काय करून राहिली. तिनं माइक धरला आणि म्हणाली की मला बंदुकीतलं काही कळत नाही, मला घरातलं कळतं. आमच्या जुन्या गावात माझी आजी घराखाली गेली. माझे वडील वर्षानुवर्षं म्हणायचे, जमीन हलली, नशीब. मग नवीन गावात शिकवायला आलेल्या इंजिनियर लोकांनी सांगितलं की जमीन हलली हे खरं, पण माणसं मेली ती भिंतीनं. दीड हात जाडीची दगडी भिंत, मधे नुसती माती, एकमेकांना धरून ठेवणारं काहीच नाही, आणि डोक्यावर मातीचं जड छप्पर, धाबं. तेव्हा वडिलांना राग आला, कुणावर येऊन राहिला ते त्यांना कळेना. पण नवीन घराला सिमेंटचा पट्टा टाकला की नाही हे ते रोज जाऊन बघायचे. ती म्हणाली, "वस्तू कशी बनवली हे विचारायचंच नाही, असं ठरवलं तर मग पुढची भिंतही तशीच बांधली जाईल. एवढंच मला म्हणायचंय." आणि खाली आली.

टाळ्या जरा उशिरानं वाजल्या, पण मग थांबेचनात.

आणि लगेच माझं नाव.

मी स्टेजवर गेले. माझ्याकडं काय होतं? चाकू संपलेला. गाडी संपलेली. अमेरिका संपलेली. मागची पोरं तोंडावर हात धरून माझ्या चाकूची वाट बघत होती. आणि समोर तिसऱ्या रांगेत अण्णा, कान माझ्याकडं करून, एक शब्द चुकू नये म्हणून. मी म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी विषयाच्या विरोधात बोलायला उभी आहे." आणि पुढं जे तोंडातून निघालं ते ना स्पायरलमध्ये होतं ना माझ्या डोक्यात. मी म्हणाले आमच्या घरी एक बंदूक होती.

मग मी थांबलेच नाही. माळ्यावरचा खोका सांगितला, सोयाबीन सांगितलं, कोंबड्या सांगितल्या. लोक हसले. फुस्स पण सांगितला, आवाज न काढता. मग म्हणाले की त्या खोक्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. काडतूस ओलं झालं तर वापरू नका. बार कमी आवाजानं उडाला तर थांबा, नळीतून आरपार बघा, मगच दुसरा घाला. मी लातूरला जाऊन इंग्रजी नीट वाचायला लागले तेव्हा यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत तो रिकामा खोका वाचला. सगळं इंग्रजीत. आमच्या घरात तो खोका कितीतरी वर्षं होता आणि तो वाचू शकणारं माणूस आमच्या घरात नव्हतं. मग कंपनीनं सांगितलं असं म्हणायचं का? कुणाला सांगितलं? ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला ती सूचना कळेल अशी देणं, हे बनवणाऱ्याचं काम नाही का? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर निदान धोक्याचा रंग तरी असतो. माझे वडील म्हणतात चुकी त्यांची. मी म्हणते, ज्याला सांगितलंच नाही त्याची चुकी कशी?

घंटा वाजली. हॉलमध्ये टाळ्या, आणि त्यातच वकीलबाईंनी माइक ओढून घेतला.

"बाळ, तू विरोधात आहेस ना?"

"हो मॅडम."

"मग हे बाजूनं कोण बोललं?"

परत हॉल हसला. मी पण हसले, दुसरं काय करणार. पण त्यांचं झालं नव्हतं. नियमानुसार प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा असतो, त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तुझे वडील आलेत का?" मी बोट दाखवायच्या आधीच मला कळलं की मी काय करून बसले. अण्णा उठून उभे राहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, काका, तुमच्या लेकीचा प्रश्न तुम्हालाच विचारते. सूचना तुम्हाला मराठीत मिळाली असती, तर काय झालं असतं?

कुणीतरी माइक नेऊन दिला. अण्णांनी तो डाव्या कानाकडं नेला, मग चुकलं हे लक्षात येऊन तोंडापाशी आणला.

"दुसरा बार काढला नसता म्याडम," ते म्हणाले. "लेक बरोबर बोलली. हात शाबूत राह्यला असता."

वकीलबाईंनी मान हलवली. झालं, असं मला वाटलं. पण अण्णा बसले नाहीत.

"पन पयल्या बाराचं काय? मी दरवेळी नळी आभाळाकडं करतो. त्या दिशी न्हाई केली. लई नुसकान झालं होतं, डोस्कं फिरलं होतं. धुक्यात बांधाकडचा हरभरा हालला, म्या नळी सरळ त्याच्यावर धरली. डुकरावर म्हून धरली. तो बार फुस्स झाला, दुसऱ्याला नळी फाटली, मी पडलो, अन् जिथं हरभरा हालला होता तिथून माझा बांधकरी, आमचा आबा, उठून पळत आला. मला उचलायला."

अण्णांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तो बार नीट उडाला असता तर?" अण्णा म्हणाले. "कंपनीनं मराठीत लिव्हावं, जरूर लिव्हावं. पन हालतंय ते काय हाय हे बघून मग चाप ओढायचा, हे कोन लिव्हनार? परवाना देताना मला कुनी इचारलं न्हाई की तुला राग येतो का. म्हून उद्या देऊन टाकतो. बंदूक चांगली का वाईट मला म्हाइत न्हाई. माझ्या हातात नको."

आणि बसले.

मी स्टेजवर तशीच उभी. इतके महिने मला वाटत होतं की अण्णा गावाला लाजून गप्प आहेत. आबा फुस्स म्हणायचे आणि अण्णा मान खाली घालायचे, तो मला अपमान वाटायचा. ते तर दरवेळी आबांचा आवाज ऐकून मनाशी म्हणत होते की हा माणूस जिवंत आहे, हा बोलतोय, हा हसतोय. आणि आबांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

निकाल लागला. पहिलं बक्षीस माझ्या रूममेटला. मला काहीच नाही, वकीलबाई स्पष्ट म्हणाल्या की हिनं चांगलं भाषण केलं पण समोरच्या बाजूसाठी केलं. जाताना त्यांनी अण्णांना नमस्कार केला, वाकून नाही, पण थांबून.

दुपारी आम्ही तिघं स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला बसलो. अण्णा भाकरी कुस्करत होते. शेवटी रूममेटनं बक्षिसाचा कप हातात घेतला, इकडं-तिकडं बघितलं आणि विचारलं, "काका, मला एक सांगा. ते काडतूस खराब निघालं म्हणून तुमचा बांधकरी वाचला. मग आता कंपनीवर दावा टाकायचा का कंपनीला हार घालायचा?"

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. मग त्यांना हसू फुटलं, असं की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाले, "दावाबी टाकायचा अन् हारबी. दोन्ही एकाच तारखेला." मी पण हसले, आणि हसता हसता रडले पण थोडी, ते तुम्ही समजून घ्या.

तिथंच मी त्यांना विचारलं, आबांना सांगणार का. ते म्हणाले, "हाव. हॉलभर लोकायला सांगितलं, त्यालाच न्हाई सांगितलं तर कसं." सोमवारी त्यांनी परवाना परत दिला. मी तिथं नव्हते, मी लातूरला परत जाऊन बुडवलेली टेस्ट देत होते, कारण क्लासवाल्यांनी ती सोमवारी घेतलीच. पण आता परवाना परत देऊ नका असं म्हणायचं माझ्या मनात राहिलं नव्हतं. कंपनीनं जबाबदारी घ्यावी हे मला आजही वाटतं, तावातावानं वाटतं. मी सध्या फार्मसी करून राहिले, औषधाच्या खोक्यावर मराठी दिसलं नाही की मी अजून चिडते. पण एवढ्यानं सगळं भागतं, असं मला आता कुणी पटवू शकत नाही.

पुढचं मायनं फोनवर सांगितलं. अण्णा घरी पोचले ते तसेच आबांच्या ओट्यावर गेले आणि सांगून टाकलं. आबा उठले, समोरचा चहा तसाच ठेवून घरात गेले. पुढं आठवडाभर बांधावर दिसले तरी तोंड फिरवायचे. माय सांगत होती की अण्णा जेवत नव्हते नीट. मला लातूरहून निघून यावं वाटायचं, पण येऊन मी काय करणार होते?

मग एका सकाळी आबा आले, खांद्यावर एक पोतं. अण्णांच्या पुढ्यात रिकामं केलं. आतून निघाल्या त्यांच्या घरातल्या जुन्या साड्या. गुलाबी, पोपटी, एक जरीची पण. आमच्याकडं डुकरं अडवायला रानाभोवती साड्या बांधतात, वाऱ्यानं फडफडल्या की डुकरं बिचकतात.

"बंदूक दिली ना परत?" आबा म्हणाले. "मग रान काय तुझा फुटका कान राखनार हाय का? ऊठ. धर ते टोक."

अण्णांनी टोक धरलं. दोघांनी मधला बांध सोडून दिला आणि दोन्ही रानांना मिळून एकच साडी-कुंपण घातलं, दुपारपर्यंत. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा एसटीतून उतरताना आधी तेच दिसलं, आमचं आणि आबांचं रान एकत्र, लग्नाचा मांडव घातल्यासारखं. त्या दिवशी मी आबांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, काऊन गं, एवढं काय. मी म्हणाले असंच.

आता मला तुमचं सांगा. तुमच्यासोबत झालंय का असं कधी, की तुम्ही घरच्या माणसाची बाजू घ्यायला चार लोकांत उभे राहिलात, आणि त्यानंच उठून सांगितलं की तू समजतेस तसं नव्हतं ते? काय केलं मग तुम्ही? खरंच सांगा, मी वाट बघून राहिले.